जुन्या लॅपटॉपवर मिंट टाकायचंय, पण पेनड्राइव्हवरून बूटच होत नाहीये

कळवा_वेस्ट
नमस्कार मंडळी. बाबांचा २०१० सालचा लॅपटॉप आहे, पहिल्या पिढीचा आय३-३७०एम, ४ जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ७. बाबा आमच्या सोसायटीचे खजिनदार आहेत आणि मेंटेनन्सची वसुली, सिंकिंग फंड, पाणीपट्टी, लिफ्टची एएमसी सगळं त्याच लॅपटॉपवर एक्सेलमध्ये आहे. आता त्यावर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, बँकेची साइट धड उघडत नाही, त्यामुळे मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही ऑपरेटिंग सिस्टम, तीही हलक्या एक्सएफसीई डेस्कटॉपची, टाकायचं ठरवलं. नवीन घेऊ म्हटलं तर बाबा म्हणतात कीबोर्डवर हात बसलाय, मशीन चालतंय, मग कशाला. आणि मलाही ते पटतं, कारण स्क्रीन, कीबोर्ड, डीव्हीडी ड्राइव्ह सगळं अजून व्यवस्थित आहे.

झालंय असं, की बायकोच्या नवीन लॅपटॉपवर मिंटची आयएसओ (इन्स्टॉलची एकत्र फाइल) उतरवली, बालेना एचर नावाच्या प्रोग्रामने १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाकली, शेवटी एचरने तपासून ओकेही दिलं. जुन्या लॅपटॉपला लावून चालू करताना एफ१२ दाबलं की बूट मेनू येतो, त्यात हार्ड ड्राइव्ह, सीडी-डीव्हीडी, यूएसबी स्टोरेज डिव्हाइस, नेटवर्क असं दिसतं. यूएसबी निवडलं की स्क्रीन काळी, वरच्या डाव्या कोपऱ्यात नुसता कर्सर लुकलुकतो आणि थोड्या वेळाने सरळ विंडोज ७ चालू होतं. तोच पेनड्राइव्ह बायकोच्या लॅपटॉपला लावला तर मिंटचा डेस्कटॉप मस्त येतो, म्हणजे पेनड्राइव्ह बरोबर आहे ना?

सगळीकडे सांगतात सिक्युअर बूट बंद करा, पण ह्याच्या बायोसमध्ये (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालतो तो प्रोग्राम) तसला ऑप्शनच नाहीये, यूईएफआय (बायोसची नवीन पिढी) हा शब्दसुद्धा कुठे नाही. बूट ऑर्डरमध्ये यूएसबी वर आणून सेव्ह करतो तरी दुसऱ्या दिवशी परत हार्ड डिस्क वर आलेली असते. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलीये, चार्जरवरच चालतो, आणि चार्जर काढून ठेवला की तारीख मागे जाते, बाबा रोज सकाळी आधी तारीख दुरुस्त करतात मग काम सुरू. इथे ठाण्यात स्टेशनजवळ एका दुकानात दाखवला तर ते म्हणाले मदरबोर्ड जुना झालाय, ह्यावर यूएसबी बूट होणारच नाही. खरंय का हे? ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते, त्याआधी ऑडिट, त्यामुळे हिशेबाच्या फाइलींना धक्का लागता कामा नये.


ट्रान्सहार्बर
मदरबोर्डला काही झालेलं नाहीये. बूट मेनूत यूएसबी दिसतोय, निवडल्यावर कर्सर येतोय, म्हणजे बायोस पेनड्राइव्हपर्यंत पोचतोय, फक्त तिथून पुढे काय चालवायचं ते त्याला मिळत नाहीये. यूएसबी बूट होणारच नसता तर मेनूत ते नावच आलं नसतं.

पेनड्राइव्ह बायकोच्या लॅपटॉपवर चालतो म्हणून बरोबर आहे, हे मात्र अर्धंच खरं आहे आणि बहुतेकजण नेमके इथेच अडकतात. नवीन लॅपटॉप यूईएफआयवाला असतो, तो पेनड्राइव्हवरचं फॅट पार्टिशन उघडतो, त्यात ईएफआय नावाचा फोल्डर शोधतो आणि आतली फाइल चालवतो. बाबांचा लॅपटॉप साध्या बायोसवाला आहे, त्याला फाइल, फोल्डर काही समजत नाही, तो पेनड्राइव्हचा अगदी पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचतो आणि तिथे जो छोटासा कोड असेल त्याच्या हातात गाडी देतो. म्हणजे एकाच पेनड्राइव्हवर दोन वेगवेगळे दरवाजे असतात. बायकोच्या लॅपटॉपने एक दरवाजा उघडून दाखवला, दुसऱ्याबद्दल त्यावरून काहीच कळत नाही.

एचर आयएसओ जशीच्या तशी पेनड्राइव्हवर ओततं. त्या आयएसओमध्ये डीव्हीडी, बायोस, यूईएफआय सगळ्यांची सोय एकाच मांडणीत कोंबलेली असते. नव्या मशीनना ती चालते, काही जुन्या बायोसना पार्टिशनची ती मांडणी पचत नाही आणि ते गप्प बसून पुढच्या डिव्हाइसवर जातात, तुमच्याकडे झालंय तसं.

तर आता पेनड्राइव्ह रुफस नावाच्या प्रोग्रामने बनवा, तेही बायकोच्याच लॅपटॉपवर, कारण रुफस ४ विंडोज ७ वर चालत नाही, ७ साठी शेवटचं ३.२२ होतं. आयएसओ निवडल्यावर बाजूला टिकच्या खुणेचं बटण येतं, ते दाबलं की एसएचए-२५६ (फाइल नीट उतरली का ते तपासायचा आकडा) काढून देतं, तो मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी जुळवा. मग पार्टिशन स्कीम एमबीआर (डिस्कचे भाग नोंदवायची जुनी पद्धत), टार्गेट सिस्टम बायोस ऑर यूईएफआय, फाइल सिस्टम फॅट३२. स्टार्ट दाबलं की आयएसओ मोड की डीडी मोड असं विचारेल, तिथे आयएसओ मोड घ्या, डीडी घेतलंत तर एचरने केलं तेच परत होईल. एखादी जास्तीची फाइल उतरवू का असं विचारलं तर हो म्हणा. एवढ्यावरही नाही झालं तर ॲडव्हान्स्ड ड्राइव्ह प्रॉपर्टीजमध्ये जुन्या बायोससाठीच्या फिक्सेसची एक टिक आहे, ती लावून परत बनवा.

जीपीटी (त्याचीच नवीन पद्धत) चुकूनही निवडू नका. अर्थात रुफसमध्ये जीपीटी निवडून बनवलात तर जुन्या लॅपटॉपवर ही डिस्क फक्त यूईएफआयमध्ये चालेल असा मेसेज स्पष्ट येतो, नुसता कर्सर राहत नाही, त्यामुळे निदान कळेल तरी.

मशीन लेगसीच, म्हणजे जुन्या बायोसवालंच, आहे ह्याची खात्री करायची असेल तर विंडोज ७ मध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडा, खाली डिस्क ० वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स, तिथे पार्टिशन स्टाइल लिहिलेली असते. एमबीआर असेल तर विंडोज लेगसीमधूनच चालू होतंय.


सानपाडा_फ्लायओव्हर
मी म्हणतो एवढा खटाटोप कशाला, त्यापेक्षा विंडोज १० टाका, बाबांना सवयीचं पडेल. नाहीतर सरळ सेकंडहँड आठव्या जनरेशनचा घ्या, लॅमिंग्टन रोडला चिक्कार आहेत.


ट्रान्सहार्बर
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या कारणासाठी ७ सोडतोय तेच कारण थोड्या दिवसांनी परत दारात येईल. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेचं हार्डवेअर) लागतं, ते ह्या मशीनमध्ये नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, बँकेचं काम करायला ब्राउझर ताजा असणं हेच तर पाहिजे. सेकंडहँड घ्यायला हरकत काहीच नाही, पण चालत्या मशीनला दुकानातून 'होणार नाही' म्हणून परत पाठवतात ना, त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ते होतं.


जुनीमशिनं_वाशी
रुफसचं वर सांगितलंय ते बरोबर. मी तारखेबद्दल बोलतो, कारण ते कोणी बघितलंच नाही.

चार्जर काढला की तारीख मागे जाते आणि बूट ऑर्डर परत बदलते ही दोन वेगळी दुखणी नाहीत. सीमॉसची बॅटरी संपलीये. मदरबोर्डवर नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. बायोसची सेटिंग आणि घड्याळ त्याच्यावर जिवंत राहतं. मोठी बॅटरी चांगली असली तर तीही सांभाळून घेते म्हणून इतकी वर्षं कळत नाही, पण तुमची मोठी बॅटरीही गेलीये, मग चार्जर काढला की सगळं कोरं. तुम्ही कितीही वेळा बूट ऑर्डर सेव्ह करा, राहणारच नाही. तोपर्यंत एफ१२ ने दर वेळी हाताने निवडायचं, त्याला सेव्हची गरज नाही.

सेल बदलणं अवघड नाही पण आधी खालचं कव्हर उघडून बघा कुठल्या प्रकारचा आहे. काहींत नुसता खाचेत बसवलेला असतो, नखाने निघतो. काहींत सेलला दोन बारीक वायरी वेल्ड करून पुढे छोटा कनेक्टर आणि वर काळं नाहीतर पिवळं प्लास्टिक गुंडाळलेलं असतं, तसला असेल तर वायरवालाच मागा, साध्या सेलला घरी वायरी डकवत बसू नका, सोल्डरच्या गरमीने तो सेल फुटू शकतो. चार्जर काढा, मोठी बॅटरी काढा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा, मगच आत हात घाला.

तारीख चुकलेली असली की बँकेची साइट उघडत नाही हेही लक्षात घ्या. साइटच्या सर्टिफिकेटवर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत असं असतं, लॅपटॉप स्वतःला भलत्याच वर्षात समजत असेल तर ब्राउझर ते सर्टिफिकेट नाकारतो. बाबा ज्या दिवशी तारीख बदलायची विसरत असतील त्या दिवशी साइट अजिबातच उघडत नसेल, विचारून बघा.

आणि एक. काही जुन्या बायोसमध्ये पेनड्राइव्ह यूएसबी म्हणून न दिसता हार्ड डिस्कच्या यादीत आत लपलेला असतो, तो आधी लावून मगच मशीन चालू करायचं, नंतर लावला तर येत नाही. पोर्ट बदलूनही बघा. कळव्याला खाडीच्या बाजूला घर असेल तर पोर्टच्या पट्ट्यांवर काळपट थर येतो, पावसाळ्यात तर हमखास. पेनड्राइव्ह हलका हलवल्यावर जोडला-तुटला होत असेल तर तो पोर्ट सोडून द्या. फार मोठा पेनड्राइव्ह पण वापरू नका, काही जुने बायोस १३७ जीबीच्या पुढचं वाचत नाहीत, तुमचा १६ चा आहे तो उत्तम.


उलवे_नोड
मध्येच घुसतोय, माफ करा, पण माझं जरा वेगळं आहे. माझ्याकडे छोटा १० इंची मशीन आहे, ॲटम झेड३७३५एफ, २ जीबी रॅम, त्याला पेनड्राइव्ह लावला तर बूट मेनूत दिसतच नाही. प्रोसेसर ६४ बिट आहे, आयएसओ ६४ बिट आहे, एमबीआर जीपीटी दोन्ही करून झालं, सिक्युअर बूटही बंद आहे.


ट्रान्सहार्बर
तुमचा उलटा प्रकार आहे. त्या ॲटमवाल्या मशीनमध्ये प्रोसेसर ६४ बिट पण यूईएफआय ३२ बिट दिलेलं असतं, आणि लेगसी बूट बहुतेक नसतंच. ते यूईएफआय पेनड्राइव्हवर बूटआयए३२ नावाची फाइल शोधतं, आणि बऱ्याच आयएसओंमध्ये फक्त बूटएक्स६४ असते. म्हणून त्याच्या दृष्टीने पेनड्राइव्ह रिकामा. डेबियनची ६४ बिट आयएसओ घ्या, त्यात दोन्ही फाइली असतात. पण २ जीबीत मोठा डेस्कटॉप नको, एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई टाका. अजून अडलं तर वेगळा धागा काढा, इथे दोन मशीन एकत्र झाली की वाचणाऱ्याचा गोंधळ होईल.


गोखलेरोड_नाका
कळवा_वेस्ट, तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, हिशेबाच्या फाइली. आमच्या सोसायटीत सेक्रेटरींच्या कॉम्प्युटरची डिस्क गेली होती तेव्हा थकबाकीची यादी परत उभी करताना जुन्या पावतीपुस्तकांवरून एकेक नोंद लिहायला लागली होती.

इन्स्टॉलरमध्ये डिस्क पुसून मिंट टाका असा पर्याय पहिलाच असतो आणि लोक घाईत तोच दाबतात. त्यापेक्षा असं करा, जुनी हार्ड डिस्क काढूनच ठेवा. २०१० च्या लॅपटॉपला साधी अडीच इंची साटा डिस्क असते, खाली दोन-चार स्क्रू काढले की सरकून बाहेर येते. तिच्या जागी २४० किंवा २५६ जीबीचा साटा एसएसडी बसवा आणि मिंट त्याच्यावर टाका. जुनी डिस्क जशीच्या तशी राहिली, काही बिनसलं तर परत बसवली की विंडोज ७ हजर. नंतर यूएसबी केसिंगमध्ये घालून फाइली कॉपी करून घ्या. एसएसडीने फरकही एवढा पडतो की बाबांना मशीन बदलल्यासारखं वाटेल. रॅमही त्या प्रोसेसरला ८ जीबीपर्यंत चालते, डीडीआर३, जुने मॉड्यूल स्वस्तात मिळतात.

आता खरा प्रश्न. एक्सेलमधली मराठी नावं कुठल्या फाँटमध्ये आहेत? युनिकोड असेल तर चिंता नाही. श्रीलिपी किंवा कृतीदेव असे युनिकोड नसलेले फाँट असतील तर लिब्रेऑफिसमध्ये (मिंटमध्ये एक्सेलच्या फाइली ह्यातच उघडतात) फाइल उघडल्यावर सगळी नावं इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतील आणि बाबा घाबरतील की हिशेब गेले. गेलेले नसतात, फक्त फाँट नसतो.


कळवा_वेस्ट
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी सविस्तर लिहील असं वाटलं नव्हतं.

झालं एकदाचं! रुफसमध्ये एमबीआर आणि आयएसओ मोडने बनवला, एफ१२, यूएसबी, आणि मिंटचा मेनू आला. पहिल्या पोर्टला लावला तेव्हा मेनूपर्यंत येऊन अडकत होता, उजव्या बाजूच्या पोर्टला लावल्यावर सरळ डेस्कटॉपपर्यंत गेला. जुनीमशिनं_वाशी, तुम्ही पोर्टचं म्हणालात ते अगदी बरोबर, डावीकडच्या पोर्टच्या पट्ट्या टॉर्च मारून बघितल्या तर काळ्या पडल्यात. डिस्क मॅनेजमेंटमध्येही एमबीआरच लिहिलेलं आहे. आणि बाबांना तारखेचं विचारलं तर म्हणाले हो, तारीख लावली नाही तर बँकेचं पान लाल होऊन येतं, मला वाटायचं बँकेचा सर्व्हर बंद आहे.

अजून इन्स्टॉल केलेलं नाही, पेनड्राइव्हवरूनच चालवून बघतोय, आवाज, टचपॅड, प्रिंटर सगळं ठीक आहे. वायफाय तेवढं दिसत नाहीये, आत ब्रॉडकॉमचं कार्ड आहे असं दाखवतं. आणि फाँट श्रीलिपीच आहे, सभासदांची सगळी नावं त्यात. गोखलेरोड_नाका, तुम्ही म्हणालात तशीच खिचडी दिसली, आधी वाचलं होतं म्हणून धडकी भरली नाही.


जुनीमशिनं_वाशी
ब्रॉडकॉमचं नेहमीचं आहे. त्याचा ड्रायव्हर कंपनीचा स्वतःचा असतो त्यामुळे आपोआप चालू होत नाही. इन्स्टॉल झाल्यावर अँड्रॉइड फोन केबलने लावा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, मिंटला लगेच नेट मिळतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा, तो ब्रॉडकॉमचं नाव दाखवेल, ते निवडून अप्लाय, रिस्टार्ट. नेट आलं की मिंट तारीखही नेटवरून स्वतः लावून घेतं, पण सेल बदलायचा तो बदलाच.

एसएसडी बसवण्याआधी मिंटमध्ये डिस्क्स नावाचं ॲप उघडून जुन्या हार्ड डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचा अहवाल, बघून ठेवा. रीॲलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा (डिस्कवरच्या खराब किंवा संशयास्पद जागांचा) आकडा वाढलेला असेल तर फाइली आजच कॉपी करा, एसएसडी येईपर्यंत थांबू नका. पेनड्राइव्हवरून मिंट चालू असताना विंडोजची डिस्क उघडून बाहेरच्या डिस्कवर कॉपी करता येते.


गोखलेरोड_नाका
श्रीलिपीसाठी जुन्या विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधून त्या फाँटच्या टीटीएफ फाइली उचला, मिंटच्या होम फोल्डरमध्ये डॉट फाँट्स (.fonts) नावाचा फोल्डर करून त्यात टाका, लिब्रेऑफिस बंद करून परत उघडा, नावं जागेवर येतील. छापायलाही चालतात. फक्त लिहायला श्रीलिपीचा कीबोर्ड इथे मिळणार नाही. नवीन सभासदाचं नाव टाकायचं तर युनिकोडमध्ये टाकावं लागेल, इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक, आयबस ह्या टायपिंगच्या सोयीत मराठी जोडता येतं. एकाच कॉलममध्ये दोन फाँट झाले की सॉर्टिंग बिघडतं, नावं शोधताना सापडत नाहीत, त्यामुळे यंदाचं ऑडिट आहे त्याच फाइलवर होऊ द्या आणि १ एप्रिलपासूनच्या नवीन वर्षाची फाइल पूर्ण युनिकोडमध्ये सुरू करा. श्रीलिपीतून युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार तपासल्याशिवाय शेअर सर्टिफिकेटवर वगैरे ती नावं वापरू नका.


कळवा_वेस्ट
स्मार्ट रिपोर्ट बघितला, पेंडिंग सेक्टर आहेत. सोसायटीचा फोल्डर आणि फाँट्स आत्ताच बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घेतले, एक प्रत सेक्रेटरींकडेही देतोय. शनिवारी एसएसडी आणि वायरवाला सेल दोन्ही आणतो. कव्हर उघडून बघितलं, सेलला वायरीच आहेत, पिवळं प्लास्टिक गुंडाळलेला. जुनी डिस्क ऑडिट होईपर्यंत काढून कपाटात ठेवणार. उलवे_नोड, तुमचा वेगळा धागा काढलात तर लिंक इथे टाका, मला पण वाचायचंय.


उलवे_नोड
काढला आहे, 'ॲटम मिनी लॅपटॉप, ३२ बिट यूईएफआय' नावाने. डेबियनची आयएसओ टाकल्यावर बूट मेनूत पेनड्राइव्ह दिसायला लागलाय, आता साउंडचा ड्रायव्हर शोधतोय.